पडद्यावरची मराठी, फाइलीतली मराठी

भाषेच्या शिक्षकाने तंत्रज्ञान आत्मसात करावे की करू नये, हा वाद आता जुना झाला. तो घालणारे काही निवृत्त झाले, आणि उरलेल्यांना मार्च २०२० नंतर मोबाइलसमोर बसून तो निमूटपणे सोडून द्यावा लागला. आज खरा वाद वेगळ्याच मुद्द्यावर व्हायला हवा आणि तो होत नाही, म्हणून आम्ही तो उकरून काढायचे ठरवले आहे. मराठीच्या शिक्षकाला तंत्रज्ञान म्हणून जे शिकवले जाते आणि शिकून आल्यावर तो जे मिरवतो, ते मुळात त्याच्या विषयाचे तंत्रज्ञानच नव्हे, असे आमचे म्हणणे आहे. ही बाहेरून केलेली टीका नाही. आम्ही दोघे गेली सतरा-अठरा वर्षे पदवी आणि पदव्युत्तर वर्गांना मराठी शिकवत आहोत, आणि पुढे ज्या गोष्टींना आम्ही दोष देणार आहोत त्यांतल्या बहुतेक आमच्याच हातून घडलेल्या आहेत.

प्रारंभ प्रशिक्षणापासून करू. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघे एका रिफ्रेशर कोर्सला गेलो होतो. सभागृहात सर्व विषयांचे प्राध्यापक एकत्र. तज्ज्ञांनी प्रकाशसंश्लेषणाच्या स्लाइड दाखवल्या. पानावर ऊन पडते, बाण निघतात, प्राणवायूचे बुडबुडे वर जातात. फार सुरेख होते ते सारे. मग प्रत्येकाने आपापल्या विषयाच्या दहा स्लाइड कराव्यात असे ठरले. मराठीवाल्यांनी काय केले असेल? पहिल्या स्लाइडवर कवीचा फोटो, दुसरीवर जन्ममृत्यूची साले, तिसरीवर ग्रंथसंपदा, चौथीवर पुरस्कार. पाचवीवर कविता, तिची एकेक ओळ डावीकडून गिरक्या घेत येते. सहावीवर 'कवितेची वैशिष्ट्ये': प्रतिमासृष्टी, नादमाधुर्य, सामाजिक आशय, प्रत्येकामागे एक टपोरा ठिपका. आम्हीही अगदी असेच केले. टाळ्या पडल्या, प्रमाणपत्र मिळाले, आणि ते आमच्या पदोन्नतीच्या फाइलीत यथास्थित लागले आहे.

त्या दहा स्लाइडमध्ये कवितेचे काय झाले, हा प्रश्न तेव्हा आम्हाला पडला नाही. प्रकाशसंश्लेषण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते बाणांनी दाखवण्यात अर्थ आहे. कविता मात्र मुळात शब्दांतच असते. ती पडद्यावर लावली म्हणून अधिक दिसत नाही. उलट ठिपक्यांच्या यादीत घातली की ती परीक्षेच्या उत्तरपत्रिकेइतकीच उरते. एकेकाळी गाइडमधून मिळणारे मुद्दे आता भिंतीवर झळकतात, एवढाच काय तो बदल. विद्यार्थी फोटो काढतात आणि वही मिटतात. वर्गातले तंत्रज्ञान या शब्दाचा जो अर्थ गेल्या दीड-दोन दशकांत आमच्या विभागांत रूढ झाला, तो प्रोजेक्टर, पडदा आणि आता स्पर्शाने चालणारा फळा यांच्या पलीकडे फारसा गेलेला नाही. मूल्यांकनासाठी समिती आली की विचारले जाते ते हेच: अशा सोयींच्या खोल्या किती, वापर किती तास. पडद्यावर काय होते, हे विचारण्यासाठी रकाना नसतो.

ज्या महिन्यात ते प्रमाणपत्र हाती आले, त्याच महिन्यात एम. ए. भाग एकचा आमचा एक विद्यार्थी तासानंतर थांबला. त्याला दिसत नाही. मोबाइल मजकूर वाचून दाखवतो, त्या सोयीवर त्याचा अभ्यास चालतो. तो म्हणाला, "सर, तुमच्या नोट्स माझा फोन वाचतो, पण तो काय वाचतो ते मला कळत नाही." आणि त्याने आम्हाला ऐकवले. प्राचीन मराठी गद्यावरचे आमचे टिपण, बारा पानांचे, आम्ही मोठ्या कष्टाने संगणकावर करून घेतलेले. फोनमधून इंग्रजी आवाजात, भरधाव वेगाने, सुट्या रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची एक अखंड बडबड येत होती. त्यात मराठीचा एक शब्द नव्हता. जवळजवळ अर्धे सत्र तो हे सहन करत होता आणि खोलीतल्या मित्राकडून रात्री नोट्स वाचून घेत होता. मित्र गावी गेला म्हणून आमच्याकडे आला, एरवी आलाही नसता.

हे का झाले, हे समजून घ्यायला आम्हाला दोन दिवस लागले, आणि समजले तेव्हा लाज वाटली. संगणकावर मराठी उमटवण्यासाठी सुरुवातीच्या काळात जे फाँट निघाले, त्यांतल्या बहुतेकांत मराठी अक्षरे नव्हतीच, फक्त मराठी अक्षरांची चित्रे होती. आत साठवलेले असत ते रोमन अक्षरांचे संकेत, आणि त्या प्रत्येकावर 'क'चे, कान्याचे, वेलांटीचे चित्र चिकटवलेले. डोळ्यांना मराठी दिसते, कागदावर मराठी छापली जाते, पण फाइलीत मराठी नसते. तो विशिष्ट फाँट काढून घेतला की खाली रोमन चिन्हांचा कचरा उरतो. डोळस माणसाला हे फक्त फाँट नसलेल्या संगणकावर कळते. आमच्या विद्यार्थ्याला ते दररोज कळत होते, कारण त्याचा फोन चित्र पाहत नाही, संकेत वाचतो.

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहून ठेवले, आणि तिची उकल होईपर्यंत, म्हणजे थेट विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत, पंथाबाहेरच्या वाचकाला ते भांडार बंद राहिले, हे आम्ही दर वर्षी वर्गात रंगवून सांगतो. त्या लिपीमागे निदान काही हेतू होता. आम्ही आमची टिपणे, प्रश्नपत्रिका, विभागाची नियतकालिके, शोधनिबंध हे सारे अशाच एका गुप्त लिपीत वर्षानुवर्षे लिहीत आलो आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

पर्याय नव्हता असे म्हणण्याची सोय नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून १९९१ साली आली. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. विंडोज २००० पासून युनिकोड मराठी साध्या संगणकात येऊन बसली. मराठी विकिपीडिया २००३ च्या मे महिन्यात सुरू झाला आणि अभियंते, बँकेतले लोक, परदेशी गेलेली मराठी माणसे तेथे युनिकोडमध्ये लिहू लागली. मराठीचे प्राध्यापक त्यांत अपवादानेच दिसत. आम्ही तेव्हा काय करत होतो? डीटीपीवाल्याच्या दुकानात हस्तलिखित देऊन येत होतो. भाषा आमची, लिपी आमची, आणि ती यंत्रात कशी राहते हे ठाऊक असलेला माणूस मात्र दुकानातला. त्याला आम्ही 'ऑपरेटर' म्हणत असू आणि त्याच्या शुद्धलेखनाला हसत असू.

येथे कोणी म्हणेल की हा तांत्रिक तपशील झाला, साहित्याच्या शिक्षकाचा याच्याशी काय संबंध? आमचा सारा वाद या प्रश्नाशीच आहे. संबंध आहे, आणि तो वर्गात शिकवण्याजोगा आहे. जुन्या फाँटमध्ये 'कि' टंकताना वेलांटी आधी आणि 'क' नंतर येई, कारण डोळ्यांना ती आधी दिसते. टंकलेखन यंत्राचा तो वारसा होता. युनिकोडमध्ये 'क' आधी साठवला जातो आणि ऱ्हस्व इकार नंतर, कारण उच्चारात तो नंतर येतो. म्हणजे लिपीला चित्र मानायचे की ध्वनीची मांडणी, हा जो प्रश्न आम्ही भाषाविज्ञानाच्या पेपरात सिद्धान्त म्हणून शिकवतो, त्याचे उत्तर विद्यार्थ्याच्या फोनमध्ये आयते आहे.

इन्स्क्रिप्ट कळफलकाचेच घ्या. गेल्या वर्षी प्रथम वर्षाच्या वर्गात आम्ही वर्णमाला शिकवली ती या कळफलकावरून, आणि सांगायला हरकत नाही की इतका बोलका तास आमच्या वाट्याला क्वचितच आला असेल. या कळफलकात डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजने आहेत. मधल्या ओळीत क, त, प, च, ट बसलेले. त्यांच्या वरच्या ओळीत, ज्याच्या त्याच्या डोक्यावर, ग, द, ब, ज, ड. शिफ्ट दाबली की क चा ख होतो, ग चा घ, त चा थ, द चा ध. आम्ही काही सांगितले नाही. नुसता कळफलक छापून हाती दिला आणि विचारले, ही रचना कोणत्या तत्त्वावर आहे ते शोधा. पंधरा मिनिटांत एका मुलीने सांगितले की वरच्या ओळीतल्या अक्षरांना घशात कंप होतो. म्हणजे खाली अघोष, वर घोष. शिफ्ट म्हणजे महाप्राण. पाठ करून कंटाळलेले शब्द बोटांना लागले. या तासाला प्रोजेक्टर लागला नाही, वीज गेली असती तरी चालले असते. भाषेच्या वर्गात तंत्रज्ञान आणणे आम्हाला अपेक्षित आहे ते असे.

त्याच वर्गात पुढे 'ऱ' निघाला. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द फळ्यावर लिहिले की हशा पिकतो, कारण एकात गुरुजन आहेत आणि दुसऱ्यात स्वयंपाकी. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतही एकीकडे समुद्र, दुसरीकडे डोंगरांमधली खोरी. हा भेद मराठीचा स्वतःचा आहे, आणि युनिकोडमध्ये त्यासाठी 'ऱ' ला वेगळे स्थान आहे. विद्यार्थी मोबाइलवर रोमन अक्षरांतून मराठी लिहितात, पुढे येणाऱ्या पर्यायांतून पहिला निवडतात, आणि यंत्राने 'र्य' पुढे केला तर तोच पत्करतात. त्यांना आम्ही दोष देत नाही. 'ऱ' कोठे आहे हे त्यांना कोणी दाखवले होते? 'ॲ' ला २००८ साली युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधीचे बरेच लेखन 'अ' वर चंद्र जोडून झालेले, दिसायला बहुधा तेच, आत मात्र वेगळे. एकात शोध घेतला तर दुसरे सापडत नाही. आमच्या विभागाच्या ग्रंथसूचीत एकाच लेखकाचे नाव या कारणाने दोनदा आले आहे. असो.

शोध हा शब्द आला, तर त्याबद्दलही सांगितले पाहिजे. मजकूर खऱ्या अर्थाने मराठीत साठवला की तो शोधता येतो, आणि संहितेच्या अभ्यासात याने काय होते हे वर्गात करून पाहावे. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांहून अधिक ओव्यांतून दिव्याचे दृष्टान्त गोळा करा, असे काम आम्ही एम. ए. च्या विद्यार्थ्यांना दिले. संहिता संगणकावर उपलब्ध आहे, म्हणून त्यांना वाटले पाच मिनिटांचे काम. 'दीप' टाकले, 'दीपु' सापडला. पण 'दिवा' राहिला, 'वाती' राहिल्या, 'ज्योती' राहिली, आणि जेथे दिव्याचे नावही न घेता उजेड सांगितला आहे त्या ओव्या तर यंत्राला कधीच सापडणार नव्हत्या. मग त्यांना जुन्या मराठीतली नामरूपे पाहावी लागली, विभक्तिप्रत्ययांची यादी करावी लागली, आणि शेवटी काही अध्याय सरळ वाचावे लागले. यंत्रामुळे वाचन टळले नाही, कोठे वाचले पाहिजे ते कळले. त्या आठवड्यात 'उकारान्त प्रथमा' हा शब्द त्यांनी आमच्या आधी वापरला.

एका विद्यार्थिनीला एकोणिसाव्या शतकातल्या एका निबंधात 'नाव' हा शब्द सापडेना, आणि तिने यंत्रच बिघडले आहे असे ठरवले. तेथे तो 'नांव' होता. १९६२ च्या लेखननियमांनी जे अनुच्चारित अनुस्वार गेले त्यांची गोष्ट आम्ही एरवी दहा गुणांची टीप म्हणून सांगतो. तिला ती अडचण म्हणून भेटली, त्यामुळे ती विसरणार नाही. मोल्सवर्थचा कोश, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या प्रकल्पामुळे कोणालाही शोधता येतात. आमच्या ग्रंथालयात दाते-कर्वे कुलपात असतो आणि किल्ली ज्यांच्याकडे आहे ते दुपारी जेवायला घरी जातात. तो कोश आता तालुक्याच्या गावातली मुलगी एसटीत बसून पाहू शकते. पण तो पाहावा कसा, नोंदीतली संक्षेपचिन्हे लावावी कशी, हे वर्गात शिकवणारे रिफ्रेशर कोर्स आम्ही अजून पाहिलेले नाहीत.

दुसऱ्या टोकाला आमचे काही ज्येष्ठ स्नेही आहेत. त्यांचे म्हणणे असे की खडू, फळा आणि चांगला आवाज एवढे मराठीच्या तासाला पुरते, बाकी सारी थेरे आहेत. आवाजाविषयी आम्ही त्यांच्याशी पूर्णपणे सहमत आहोत. कविता मोठ्याने वाचता न येणाऱ्या शिक्षकाला कोणतेही यंत्र वाचवू शकत नाही. पण ज्या मुलाला खडूचे अक्षर दिसत नाही, त्याला तास संपल्यावर काय द्यायचे, याचे उत्तर त्यांच्याकडे नाही. शिवाय हेच स्नेही आपली टिपणे झेरॉक्सच्या दुकानात ठेवतात आणि पाचव्या पिढीच्या त्या पुसट प्रतींवर पोरे परीक्षा देतात. झेरॉक्स हेही तंत्रज्ञानच आहे. ते जुने झाले म्हणून निसर्गाचा भाग वाटू लागले, इतकेच.

२०२० मध्ये वर्ग बंद झाले तेव्हा आम्ही सर्वांनी धडाधड व्हिडिओ केले. आम्ही केलेला पहिला व्हिडिओ पन्नास मिनिटांचा होता, आणि आमच्या एका विद्यार्थ्याच्या दिवसभराच्या डेटात तो बसत नव्हता. पुढे हिशेब केला तेव्हा उमगले. देवनागरीतले एक चिन्ह साठवायला युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट लागतात. वीस पानांचे प्रकरण चाळीस हजार चिन्हांचे धरले तरी ते सव्वाशे किलोबाइटच्या आत बसते आणि शेतातल्या अर्ध्या रेंजवरही पोचते. त्याच पानांचे फोटो काढून पाठवले की ते मेगाबाइटांत जातात, शोधता येत नाहीत आणि न दिसणाऱ्याला पाठवले काय, न पाठवले काय, सारखेच. सर्वांत साधे, सर्वांत हलके, सर्वांना पोचणारे तंत्रज्ञान म्हणजे नीट टंकलेला मजकूर. आमच्या पगारदार जमातीला तेवढेच येत नव्हते.

आता नवी धास्ती कृत्रिम बुद्धिमत्तेची. गृहपाठ यंत्र लिहून देते म्हणून विभागांत चिंतनबैठका होत आहेत. जो गृहपाठ गाइडवरून उतरवला जात असे, तो यंत्राने उतरवला तर नेमके काय बुडाले, हा प्रश्न बैठकीत विचारणे असभ्य ठरते, म्हणून येथे विचारतो. आम्ही एक केले. ओवी दिली, यंत्राकडून अर्थ काढून आणायला सांगितले, आणि त्यातल्या चुका कोशाच्या आधारे दाखवा असा प्रश्न घातला. यंत्राने दिलेला अर्थ अस्खलित होता आणि बऱ्याच ठिकाणी चुकीचा. जुन्या शब्दाला आजचा अर्थ लावणे ही त्याची खोड विद्यार्थ्यांना दोन तासांत कळली. ती खोड आमच्यातल्या काहींनाही आहे, हे एकाने हळूच सांगितले, त्याकडे आम्ही दुर्लक्ष केले.

मागणी काय, असे विचाराल तर फार मोठी नाही. मराठीच्या शिक्षकाला दहा दिवस सभागृहात बसवण्यापेक्षा तीन दिवस कळफलकासमोर बसवावे. स्वतःचे टिपण स्वतःच्या बोटांनी, युनिकोडमध्ये, 'ऱ' आणि 'ॲ' सह टंकता येईपर्यंत त्याला प्रमाणपत्र देऊ नये. प्रश्नपत्रिका, अभ्यासक्रम, प्रबंध हे सारे युनिकोडमध्येच स्वीकारावे, आणि त्यांचे चित्र नव्हे तर मजकूर स्वीकारावा. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या महाविद्यालयातही पेढे वाटले. त्या कार्यक्रमाची पत्रिका जुन्याच फाँटमध्ये होती. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या फोनने ती आम्हाला वाचून दाखवली.

तो आता एम. ए. होऊन नेट परीक्षेची तयारी करतो आहे आणि आठवड्यातून एकदा विभागात येतो. जुनी टिपणे आणि विभागाच्या नियतकालिकाचे अंक पुन्हा युनिकोडमध्ये आणण्याचे काम आम्ही विद्यार्थ्यांबरोबर हाती घेतले आहे. छापील पाने स्कॅन करून यंत्राकडून अक्षरे ओळखून घेतो. यंत्र 'घ' चा 'ध' करते आणि 'भ' चा 'म', मग मुले मूळ पान शेजारी ठेवून दुरुस्त करतात. शेवटचे मुद्रितशोधन तो करतो, ऐकून. आम्ही डोळ्यांनी जे सहज वाचून पुढे जातो तेथे तो थांबतो, कारण फोन चूक झाकत नाही, लिहिली तशी उच्चारतो. परवा त्याने आमच्याच लेखातली एक 'कुर्‍हाड' पकडली. दिसायला नीट होती. आत मात्र 'ऱ' नव्हता, साधा 'र' होता, त्यामुळे शोधात ती येत नव्हती. या महिन्यात चाळीस पाने झाली आहेत. कपाटात अकरा वर्षांचे अंक आहेत, आणि स्कॅनर दुरुस्तीला गेला आहे.